राहू दे म्हणजे नेमकं काय?

...अहो, पण मी म्हणतो, बायकोनं उच्चारलेला शब्द नवऱ्यानं जसाच्या तसा लिहून ठेवला, यात अपराध तो कोणता? काना चुकला नाही, मात्रा चुकली नाही, तेहतीस वर्षं कराडात मराठी शिकवलेला माणूस मी! आणि आज माझ्याच घरात मला टेकायला खुर्ची नाही... खुर्ची डेहराडूनला गेली. म्हणून उभ्यानं बोलतोय, राग मानू नका.

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ दोन शब्दांचा. राहू दे!

झालं असं, की आमचे चिरंजीव शंभूराज फौजेतून निवृत्त झाले, डेहराडूनला घर बांधलं, आणि फोनवर हुकूम सोडला, "आबा, तुमी आन् आई आता हिकडंच या, कायमचं. पन सामान जरुरतीपुरतं आना, गाडीत दुसऱ्याचा बी माल हाय!" जरुरतीपुरतं! आता चार खोल्यांच्या संसारात जरुरीची व्याख्या करायची कुणी? अर्थातच आमच्या राहीबाईंनी. (हिंदीत राही म्हणजे वाटसरू, मराठीत राही म्हणजे जी जागची हलत नाही ती. ही व्युत्पत्ती माझी स्वतःची, कोशात शोधू नका.) ती मेथी निवडत बसलेली, मी वही घेऊन समोर.

"पितळी घंगाळ?" "न्ह्या." "कपाट?" "न्ह्या." "मोडका टेबलफॅन?" "राहू दे." "तुझ्या आईचा पाटा-वरवंटा?" "राहू दे." आणि मग मी जरा घसा खाकरून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझी खोकी?"

आता खोकी म्हणजे काय ते सांगायला हवं. बुटांची खोकी, तेवीस! आपल्या मुलखात बोलले जाणारे शब्द, एका चिठ्ठीवर एक, खाली अर्थ, त्याखाली ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. चाळीस वर्षं जमवतोय. छापलं कुणी नाही, खरं सांगायचं तर विचारलंही कुणी नाही; पण ती खोकी काढून घेतलीत तर माझ्यात उरेल काय? निवृत्तिवेतन आणि गुडघेदुखी!

तिनं मेथीची जुडी झटकली, खोक्यांकडं पाहिलं, आणि म्हणाली... "राहू दे."

मी म्हटलं, "राहू दे म्हणजे? इथं राहू दे, की सोबत राहू दे?"

"आवं, राहू दे म्हंजी राहू दे! मराठीचंच मास्तर ना तुमी? का कवायतीचं?"

संपलं! आता वक्त्याच्या शब्दात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हे माझं व्रत. टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि डकवल्या. काहींवर ‘न्यायचे’, काहींवर ‘राहू दे’.

बुधवारी येणारी मालमोटार मंगळवारीच दारात! राहीबाई बहिणीचा, शालूबाईचा निरोप घ्यायला कवठे महांकाळला गेलेल्या. सामान चढवायला आलेले मिरजेचे सिकंदरभाई, सज्जन माणूस, कपाटाभोवती एक फेरी मारून म्हणतात, "सर, ह्ये ‘न्यायचे’ म्हंजी कोर्टाचं सामान का ओ?" मी म्हटलं, "न्यायाचं असतं तर ‘य’ला काना दिला असता!" "बरं, आन् ‘राहू दे’ म्हंजी? चढवू का ठिवू?"

मी तातडीनं राहीबाईंना फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला, पिठाच्या डब्यावर.

मग मीच निर्णय दिला. राहणे हा स्थितीचा धातू, त्यात हालचालीचा लवलेश नाही. म्हणून राहू दे म्हणजे इथंच राहू दे, आणि नियम सर्वांना सारखा, पंख्याला तोच खोक्यांना! सिकंदरभाई म्हणाले, "सर, खोकी हलकी हायत, कोपऱ्यात बसत्याल, टाकू का?" मोह झाला हो... पण म्हटलं, चाळीस वर्षं त्या कागदांवरची धूळ तिनंच पुसली, कंटाळली असेल. आयुष्यात एकदा काही मागितलं तिनं. राहू दे.

संध्याकाळी ती आली. रिकाम्या घरात तिचा आवाज केवढा घुमला म्हणून सांगू! "आवं, माझ्या आईचा पाटा हितं कसा?"

"तूच म्हणालीस, राहू दे."

"राहू दे म्हंजी असू दे संगं! आईचा पाटा टाकून जाईन व्हय मी?"

"आणि पंखा?"

"त्यो राहू दे म्हंजी मरू दे!"

"आणि... खोकी?"

ती फरशीवर बसली, एक खोकं उघडलं, चिठ्ठ्या वाचू लागली. राहीबाईकडून... राहीबाईकडून... पुन्हा राहीबाईकडून. "निम्मं तर माझंच बोलनं हाय की ह्यात! माझं बोलनं हितं ठिवून तिकडं जाऊन मी बोलू काय?"

तुम्हाला सांगतो, राहणे या धातूच्या माझ्याकडे अकरा चिठ्ठ्या होत्या. त्या संध्याकाळी तेरा झाल्या.

आता आगगाडीत तेवीस खोकी आणि पाटा कोण घेऊ देणार? सिकंदरभाईंची गाडी तिकडं पुन्हा जाणार दिवाळीनंतर. तिकिटं रद्द केली. सहाव्या दिवशी चिरंजीवांचा फोन, "आई, सामान पोचलं. पन तुमी कवा येताय?" ती पाट्यावर चटणी वाटत होती, शेजारी तो मोडका पंखा, बोटानं ढकलला की फिरतो. तिनं मनगटानं फोन कानाशी धरला, साऱ्या घरावरनं एकदा नजर फिरवली, आणि म्हणाली, "राहू दे रं."

लगेच मला फोन! "आबा, आई काय म्हनाली? घाई राहू दे? का यायचंच राहू दे?"

मी कोरी चिठ्ठी घेतली, पेनाचं टोपण काढलं, विचारावं म्हणून तिच्याकडं वळलो. ती वरवंटा थांबवून माझ्याकडंच बघत होती, विचारतोय का म्हणून...

टोपण लावलं. म्हटलं, राहू दे.