फुटलेल्या चंद्राचं मिठागर

या, जरा जवळ सरका. देवाचं नाव घेऊन सत्त्याण्णव सालची एक गंमत सांगतो. पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीसाठी मिठागरातल्या धोंडुबाई बसल्या होत्या. शेजारी सुजय आणि प्रणित ही दोन पोरं स्वतः रचलेल्या अंतराळाच्या खेळाच्या वह्या मांडून भांडत होते.

“सुजय, पहिल्या वहीत ग्रहाला दोन चंद्र. दुसऱ्या वहीत मोठा तू हौसेनं फोडलास. मग तिसरीत मिठागरं चालू कशी? चंद्राशिवाय उधाणाचं पाणी कुठून येणार?”

“कोण बघतंय एवढं?”

“आपल्याबरोबर खेळणारी ती अपेक्षा बघते. मागंच म्हणाली, अजून एक चूक निघाली तर खेळ सोडते.”

“मग खेळायला उरतं कोण?”

धोंडुबाईंना राहवेना. “अरे, उधाण कमी झालं तर चर खोल खणायचा. खाडीचं पाणी येतंय आत.”

“मावशी, खरंच?”

“माझ्या सासऱ्यांनी खणलाय, धरमतरला. एकट्यानं, दोन वर्सं.”

“लिही रे प्रणित. मावशी, त्यांचं नाव काय?”

“सुनेनं घ्यायचं नसतं, पण घेते. हिरामण. मिठागरावर मालकाची पाटी हाय, त्यांचं नाव कुठंच नाय. तुमच्या वहीत लिवा, आणि खेळणाऱ्यांना सांगा, त्यांची आठवण ठेवा म्हणावं.”