सातविणीचा एक घोट

…आणि ठेवायचा तरी कुठे होता मी तो कॅन? तुम्हीच सांगा. "थंड जागी ठेवा, उन्हात नको," असं इस्पितळातून बजावून पाठवलेलं, आणि आमच्या आमोण्याच्या घरात थंड जागा म्हणजे एक फ्रिज नि दुसरी विहीर. विहिरीत सोडू? मग ठेवला फ्रिजमध्ये. वरती नारळाच्या वड्या, खाली सोलकढी, दाराला उद्याच्या पोह्यांचं दूध, आणि मधोमध पांढऱ्या कॅनमध्ये आमच्या चिरंजीवांचं संध्याकाळपासूनचं मूत… शी. मी स्वतः ठेवला नि स्वतःच तोंडाला पदर लावून उभी राहिले. आणि मी बी.एस्सी. हो, केमिस्ट्री. कॉलेजात नाक न मुरडता काय काय उकळलंय मी. पण ते परक्याचं असायचं. आपल्या सोलकढीशेजारी नसायचं.

तर तुम्हाला सांगते, आमचा सगुण सहा वर्षांचा. त्याला आकडी येते. 'यायची' म्हणते, नि देव करो, ते 'यायची'च राहो. आधीच्या औषधाने आकडी थांबायची पण पोरगंच थांबायचं; वर्गात बसे ते देवळातल्या दीपमाळेसारखं, उभं केलं तर उभं. मग पणजीजवळच्या इस्पितळात एक नवं सरबतासारखं औषध मिळालं. उन्हाळ्यापासून एकदा आकडी नाही. एकदाही नाही. पोरगं झाडावर चढतं, शेजारणीला उलट उत्तर देतं, मला रडू यायचं आनंदाने. पण गोम अशी, की ते औषध मोठ्या माणसांवर तपासलेलं, लहान मुलांसाठी बाहेर दुकानात मिळतच नाही. मिळतं ते इस्पितळाच्या अभ्यासात नाव असलेल्यांनाच. हैदराबादहून आलेले मोठे डॉक्टर, ते हा अभ्यास करतात. मला म्हणाले, "देखिए, लहान मूल म्हणजे अर्धा मोठा माणूस नाही. त्याचं शरीर औषध वेगळं वापरतं. औषध शिरतं कधी, फिरतं कुठे, बाहेर पडतं केव्हा, एवढंच आम्हाला बघायचंय." मी अशी मान हलवली जशी काही मीच त्यांना शिकवलंय. बी.एस्सी. ना.

शिरतं कधी, फिरतं कुठे, बाहेर पडतं केव्हा. ऐकायला कसं कीर्तनातल्यासारखं वाटतं. पण ते 'बाहेर पडतं केव्हा' म्हणजे काय, ते मला कुणी फोड करून सांगितलं नाही हो. ते बाहेर पडतं कॅनमध्ये.

दिवस ठेवला कुठला, तर नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा. डॉक्टरांचा हिशोब सरळ: मुलांना शाळेची सुट्टी. बायकांना सुट्टी आहे का, हे विचारायची पद्धत नाही. गावभर नाचवलेले नरकासुर आदल्या पहाटेच जाळलेले, त्यांचा धूर अजून डोळ्यांत नि तेल अजून केसात, तसंच घेऊन आम्ही डिचोलीहून पणजीला जाणारी पहिली बस धरली. इस्पितळात जानकी सिस्टर. चांगली बाई, पेडण्याची. त्यांनी कागद धरून विचारलं, "ह्या चार दिवसांत दुसरं काही औषध दिलंय का? तापाचं, सर्दीचं, आयुर्वेदिक, झाडपाल्याचं?" मी म्हटलं, नाही. छातीवर हात ठेवून नाही. "काढा?" नाही हो. "मुळी, साल, काही?" मी जरा हसलेसुद्धा, म्हटलं, "सिस्टर, मी बी.एस्सी. आहे."

मग त्यांच्यासमोर औषध पाजलं, आणि सगुणच्या हातात सुई बसवली ती बसवलीच. दर वेळी टोचायला नको म्हणून नळ बसवल्यासारखी. आली बाई, सोडला नळ, घेतलं रक्त, केला बंद. परत आली. एवढीशी मनगटं ती… तो रडला नाही. मी रडले, बाथरूममध्ये जाऊन. तिथे कसला वास, तुम्हाला काय सांगू, रडतानासुद्धा नाक धरून रडावं लागलं. संध्याकाळी सुई काढली नि हातात कॅन दिला. "उद्या सकाळपर्यंतचं सगळं ह्यात. एक थेंब बाहेर जाता कामा नये."

एक थेंब! आमचा मुलगा. जो उभ्या जन्मात घरातल्या मोरीत गेलेला नाही, ज्याने परसातल्या प्रत्येक माडाला नाव ठेवलंय नि पाळी लावलीय, त्याच्या मागे मी कॅन घेऊन पळतेय, "सगुण, थांब, सगुण, ह्यात." आणि त्याला त्यात एवढा मान वाटला की तो कुंपणावर चढून शेजारच्या सरस्वतीकाकूंना ओरडून सांगतोय, "काकू, माझं मूत पणजीला जातंय." काकू दिवाळीचे पोहे घेऊन येत होत्या. फाटकातूनच परत गेल्या.

असा तो कॅन मी फ्रिजमध्ये ठेवला. आणि सासूबाईंनी फ्रिज उघडला.

आमच्या सासूबाई मूळच्या दोडामार्गच्या. पन्नास वर्षं गोव्यात काढली पण रागावल्या की मालवणी. "ह्या काय गो?" मी सांगितलं काय ते. त्या मागे सरकल्या, दोन हात कमरेवर, "पोराचा मूत नि माझी सोलकढी? कॅन बग खंय टेकलो तुझो. माझा औषद थंय ठेयलंय ना गो मी!"

मी म्हटलं, "कसलं औषध?"

"कसला म्हंजे? सातविणीचा. काल पोराक पाजलंस ताच. भाऊबीजेक चेडू येतला माझा, तिका ठेयलंय एक घोट."

तुम्हाला सांगते, मी तिथेच फ्रिजसमोर, दार उघडं, थंड वाफ अंगावर, खाली बसले. तुम्ही म्हणाल, न कळण्यासारखं काय होतं? पण खरंच सांगते, डोक्यातच आलं नाही. दिवाळीच्या पहाटे अंघोळ करायची, तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचं कडू जिभेला लावायचं, मग सातविणीच्या सालीचा तो हिरवट कडूजहर रस डोळे मिटून घ्यायचा, आणि मग पोहे: दुधातले, ताकातले, तिखसे, गुळातले. हे काय औषध आहे? ही दिवाळी आहे. रांगोळीला कुणी औषध म्हणतं का? त्या जानकी सिस्टरनी 'साल' म्हटलं, शब्दशः 'साल' म्हटलं, नि मला सालीची आठवण नाही झाली, कारण मी दवाखान्यात होते, आणि सातवीण घरी होती. मी स्वतः त्याचं नाक दाबून पाजला. वरून म्हटलं, "गीळ, गीळ, शहाणा बाळ." केमिस्ट्री.

आता हा रस त्या औषधाला पोटात भेटला असेल तर? कोण कुणाला अडवणार? शिरतं कधी, फिरतं कुठे… मी सगुणच्या उशाशी जाऊन बसले. तो झोपेत पाय झाडतो नेहमीच, त्या रात्री प्रत्येक झाडण्याला मी दिवा लावून बघितलं. हे आले. आमचे हे, गुरुदास, वीज खात्यात आहेत. खांबावर चढायला घाबरत नाहीत, डॉक्टरला घाबरतात. म्हणाले, "सांगू नकोस हं. नाव काढून टाकतील. मग औषध कुठून आणायचं? परत ते झोपाळू औषध?"

मी म्हटलं, "आणि न सांगता ते आकडे खरे धरले त्यांनी नि त्याच्यावर सगुणचा डोस ठरवला तर?"

ते म्हणाले, "एक घोटच होता."

"आणि सगळ्या मुलांचा डोस ठरवला तर?"

"तू ना," ते म्हणाले, "फार विचार करतेस." हे खरं आहे. चुकीच्या वेळी करते, एवढंच.

सकाळी बस. मांडीवर कॅन, कॅनवर कापडी पिशवी, पिशवीवर माझे दोन हात. कंडक्टर "फाटीं सरात, फाटीं सरात" करत लोकांना माझ्या अंगावर ढकलतोय. शेजारी एक आजी, म्हणाली, "तीर्थ काय गो? खंयच्या देवाचं?" मी म्हटलं, "घरच्याच." तिने हात जोडले. मला एवढी शिसारी आली, स्वतःची, कॅनची, दिवाळीची, की बस थांबवून उतरावंसं वाटलं.

इस्पितळात तर काय, एका टेबलावर कॅनची रांग. सगळ्या आया काल आलेल्याच, पेडण्याच्या, डिचोलीच्या. कुणाचा कॅन सोनाराच्या पिशवीत, कुणाचा मिठाईच्या खोक्यात, एकीने तर वरून जरीचा रुमाल बांधलेला, रुखवत ठेवल्यासारखा. वास असा की भिंतीवरच्या पालीसुद्धा दुसऱ्या खोलीत गेलेल्या. आणि मोठे डॉक्टर खुशीत, एकेक कॅन उजेडाकडे धरून बघतायत.

मी उठले. म्हटलं, "डॉक्टर, माझं चुकलं. मी ह्याला परवा सातविणीचा रस दिलाय." आणि सगुणचा हात धरला, म्हणजे काढलंच नाव तर निदान हात धरलेला असावा.

डॉक्टरांना सातवीण माहीत नाही. जानकी सिस्टरना माहीत. त्यांनी कपाळावर हात मारला नि मग तो हात हळूहळू तोंडावर आणला, कारण त्यांना आठवलं की त्या स्वतःही प्यायल्यात. मग माझ्या मागून, मांद्र्याची गंगा, मुलीला कडेवर घेऊन, अगदी बारीक आवाजात: "म्हणजे… ते औषध धरायचं?" तिच्या मागची म्हणाली, "आम्ही पण दिलाय." "आम्ही पण." "आमच्यात तर दोनदा देतात." जरीच्या रुमालवाली म्हणाली, "मी मध घालून दिला," ते अशा सुरात की मध घातल्याने गुन्हा कमी होतो.

डॉक्टर खुर्चीत बसले. मला म्हणाले, "कितना दिया? किती मिली?" आता मला काय माहीत? रस काढतात सासूबाई. फोन लावला, आवाज मोठा केला. डॉक्टर हिंदीत, सासूबाई मालवणीत, मध्ये मी.

"किती देतात, विचारतायत."

"एक घोट."

"वजनाप्रमाणे? लहानाला किती, मोठ्याला किती?"

"तोंड वाकडा होयसर."

'मुँह टेढ़ा होने तक,' असं मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं नाही, पण पेन उचललं होतं हे मी पाहिलं. मग ते म्हणाले, "विचारा, ह्याचा असर अंगात किती वेळ राहतो?"

सासूबाई फोनवर हसल्या. "तेका इतक्या कळणा नाय? फुडल्या दिवाळेपर्यंत. म्हणान तर दर वर्साक घेतंव."

शेवटी ठरलं काय, तर आकडे बाद. डॉक्टर म्हणाले, सातवीण आमच्या औषधाला काही करत असेल, नसेलही, कुणी बघितलेलंच नाही, पण मला माहीत नसलेली गोष्ट पोटात असताना मी मुलांचे डोस ठरवणार नाही. एकच जण प्यायला असता तर त्याला काढलं असतं. सगळेच प्यायलेत, तर काढू कुणाला? नावं राहिली. औषध चालू. मी सगुणचा हात सोडला तेव्हा त्याच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत ते सगळे कॅन, माझ्या मांडीवरून आलेला तो, लोकांनी हात जोडलेला तो, एकामागून एक मोरीत ओतले. भळाभळा. आयुष्यात एवढा घाण आवाज ऐकला नाही मी, आणि एवढा आवडलाही नाही.

पण आकडे बाद म्हणजे सगळं पुन्हा. सुई पुन्हा, कॅन पुन्हा, फ्रिज पुन्हा. नवा दिवस ठरवायला डॉक्टर कॅलेंडर घेऊन बसले, शहाणे झाले होते, प्रत्येक तारखेला आम्हाला विचारायचे, "इस दिन कुछ है?" तुळशीचं लग्न म्हटलं, त्यात चिंच-आवळे, जत्रा म्हटलं, त्यात काय काय खातात देवाला ठाऊक. शेवटी पौषातला एक रिकामा दिवस सापडला. गंगा म्हणाली, "त्या दिवशी काही नाही, डॉक्टर, अगदी काही नाही," आणि डॉक्टरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं कुणी बंद पिशवीकडे पाहतं.

तो दिवस परवा झाला. जानकी सिस्टरनी कागद घेतला. ह्या वेळी मी एक गोष्ट सोडली नाही. आल्याचा तुकडा, चाटण दोन दिवसांपूर्वी, तुळशीचं पान एक, कोकमाचं पाणी, ओवा नाही पण ओव्याचा डबा उघडा राहिला होता. सिस्टर लिहितायत, लिहितायत, मागे रांग वाढतेय. मी म्हटलं, "आणि सातेरीच्या देवळातला अंगारा."

त्यांनी पेन ठेवलं. "बाई, तुम्ही बी.एस्सी. ना? अंगारा पोटात घालता मुलाच्या?"

"पोटात नाही हो. कपाळाला लावते."

"मग तो कशाला लिहायचा?"

"घाम आला की नाकावर उतरतो," मी म्हटलं. "आणि तो चाटतो."

जानकी सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, सगुणकडे पाहिलं. सगुणने जीभ काढून नाकाच्या शेंड्याला लावून दाखवली.

मुकाट्याने लिहून घेतलं त्यांनी.