आईचा मोगरा

अगं, यंदा उन्हाळ्यात आईचा मोगरा माझ्याच हातून जाणार होता! आई गेल्यावर मंगळवेढ्याहून तिची तेवढी एक कुंडी मी जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आणली होती. कुंडी तडकली म्हणून भर दुपारी मी रोप उपटून दुसऱ्या कुंडीत लावलं. संध्याकाळपर्यंत पानांनी माना टाकल्या. मी रडतच खालच्या शेखचाचांना बोलावलं.

"एवढ्या उन्हात मुळं उघडी करतात व्हय?" असं म्हणत त्यांनी निम्म्या फांद्या छाटल्या, कुंडीला ओलं पोतं गुंडाळलं आणि ती आपल्या जिन्याखाली सावलीत नेली.

महिन्यानं कळ्यांनी भरलेली कुंडी घेऊन चाचा दारात उभे! म्हणाले, "रोप जिवंतच होतं की. नुसती सावली मागत होतं."

पहिली ओंजळभर फुलं मी चाचींना नेऊन दिली. आईनंही तेच केलं असतं.