ज्वारीचं घरचं औषध

कोथरूडच्या बसमध्ये माझ्या मागे उत्कर्षा आणि तिचे मामा बसले होते. ज्वारीच्या रोगांवर पीएचडी केलेली ती मुलगी बुरशीनाशकं विकणाऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आली होती.

"काय विचारलं?"

"ज्वारीच्या पानात बुरशी शिरली की काय होतं."

"काय होतं?"

"पान त्याच जागी तांबडं द्रव्य तयार करतं. बुरशीला ते विष असतं."

"आपलं आपणच? मग यांची फवारणी कोण घेणार?"

"साहेबांनीही हेच विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"चांगल्या वाणाला पुष्कळदा फवारणी लागतच नाही, म्हटलं."

"वा. आणि साहेब?"

"म्हणाले, आम्ही कळवतो."

"कळवतील. दुसऱ्या कुणाला तरी."

"मामा, आईला काय सांगू?"

"नोकरी मीच सुचवली होती. मी सांगतो. तू जिन्यात जरा मागे राहा."