गोड्या पाण्यातलं

...अहो, वाकू नका एवढे, विहिरीचा कठडा सुटलाय तिथला. ऊन पाण्यावर आलं की येतं ते आपोआप वर. आणि राही येईलच हो, सोलं आणायला गेलीय शेजारी, तुमच्यासाठी कढी करणाराय — बसा ना संदेश, तिला बघायलाच आलात ना चिपळुणाहून, मग घाई कसली.

हे कासव तिच्या माहेरचं. सावर्ड्याच्या वहाळातलं. विहिरीत कासव सोडायची रीतच आमच्यात, किडे-शेवाळ खातं, पाणी निवळ राहतं. लग्न झाल्यावर सागरनेच आणलं — माझा मुलगा, तिचा नवरा. फोटो बघितलात ना आत? हार नाही त्याला, तेही बघितलंत. मला कळलं तुम्ही बघितलंत ते. समुद्रात गेलेली लाँच सापडली, बाकीची माणसं सापडली, तो सापडला नाही, मग हार कशाला घालायचा? नाही घातला. मी घालू दिला नाही.

काय म्हणालात — किनाऱ्यावर अंडी घालतं ते हेच का? छे, ते समुद्राचं, वेगळं. त्याला पाय नसतात, वल्ह्यासारखे पर असतात, आणि मान आत ओढता येत नाही त्याला. ह्याला बघा, नखं आहेत, जरा खुट्ट झालं की डोकं आत. डोंगरावरचं आणखी तिसरं, त्याचे पाय मुसळासारखे, पाण्यात टाकलं तर बुडून मरेल. आता मला कळतं हे सगळं, केरूने सांगितलं, आमच्या किनाऱ्यावरचा कासवमित्र. तेव्हा कुठे कळत होतं? राहीला तरी कुठे? कासव म्हणजे पाण्यातलं, एवढंच तिला ठाऊक. नारळी पुनवेला सगळे नारळ सोडत होते, आणि हिने पदराखालून हे काढलं — म्हणे, हे खाली जाईल, त्यांना शोधेल. लाट आली की हे परत वाळूवर. ही पुन्हा आत ढकलायची. पुन्हा परत. डोळे मिटून घेतलेले त्याने. ढकलता ढकलता ही कमरेएवढ्या पाण्यात गेली, मी केसाला धरून ओढली तिला. दोघांना घरी आणलं. कासव विहिरीत सोडलं, पण ही — ही अजून तिथेच आहे हो. दुपारी कपडे वाळत घालताना मधेच थांबते, म्हणते, आई, हाक आली.

मलाही येते. पण ते जाऊ दे.

गोड्या पाण्यातलं माणूस ते, खाऱ्यात किती दिवस ठेवायचं? मला कळत नाही का? पण तिला काय सांगू? ती केरूकडे जाऊन बसते, तो सांगतो, जिथं जन्मली त्याच भागात कासवीण अंडी घालायला येते, वर्षांनी येते, पण येते. मग ही घरी येऊन हसते. पुढचं त्याने मला एकटीला सांगितलं. मादीच येते फक्त. नर एकदा पाण्यात गेला की गेला, तो जमिनीला परत पाय लावत नाही. कधीच नाही. माझा सागर काही यायचा नाही आता...

तुम्ही माझ्या मागे काय बघता असे?

राही. कधी आलीस, बाय? सोलं ठेव ती खाली, सांडतायत. ये, बस माझ्याजवळ.

तुम्ही निघा, संदेश. नाही, रागावले नाही, या पुन्हा, कढी प्यायला या. आज नको. आणि नाक्यावर फुलवाली बसते बघा — तिच्याकडून एक हार पाठवून द्या.