महालक्ष्म्यांत अंदमान

अशोका गार्डन वस्तीतल्या दातांच्या दवाखान्यात दीप्ती नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन जावा बसल्या होत्या. धाकटीचा आवाज चढला, तसा दीप्तीनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

“हद्द झाली, वहिनी! ऐन महालक्ष्म्यांत अंदमानला? तेही एकट्या?”

“हो. बेटावर छोटंसं गाव आहे. चार दिवस समुद्राकाठी नुसतं बसायचं.”

“अहो, तेव्हा तिकडे पाऊस असतो!”

“असू दे. खोलीला व्हरांडा आहे.”

“अन् सोळा भाज्या? पुरण? तुमच्यासारखं कुणाला जमतं?”

“मागच्या वर्षीही मीच केलं. पहाटे चारला उठून. मग आरतीला बाहेर आले, तर तू काय म्हणालीस?”

“भाऊजी गेलेले, अन् ओवाळायला सवाष्ण लागते. रीत आहे ती.”

“काय म्हणालीस, ते सांग.”

“तुम्ही जरा आतच थांबा, म्हणाले.”

“थांबले ना मी?”

“थांबलात.”

“दाराआडून आरती ऐकली. यंदा पुरण तू कर. मी समुद्राच्या अगदी समोर बसणार आहे. तिथे कुणी ‘आत थांबा’ म्हणून तर दाखवावं!”