अपघात टाळला तर

तिकिटाच्या रांगेत टेलरकाकूंच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. त्या तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघायला आल्या होत्या.

"ताई, तो भूतकाळात जाऊन अपघात टाळतो ना? मग अपघात झालाच नाही, तर तो मागे जाईल कशाला?"

"अगं, तीच तर गंमत! तो गेला नाही की अपघात होणार, आणि झाला की हा पुन्हा निघणार!"

"डोक्याचा पार भुगा झाला!"

"मला मिळू दे तसलं यंत्र. तुला त्या दिवशी स्कूटरवर बसूच देणार नाही. पायच मोडणार नाही तुझा!"

"मग मला प्लास्टर घालणारे हे कुठे भेटले असते? आपली चिमी कुठून आली असती?"

"अगंबाई, चिमी!"

ताईने जीभ चावली. टेलरकाकू ऐकायला पुढे सरकल्या.

"तरी मी जाणारच. तू बसायला नको म्हणालीस, तर ढकलून बसवीन तुला स्कूटरवर!"